ॲलर्जीत जीव वाचवणारं औषध ज्याने शोधलं, तो माणूस अमेरिकेत व्हिस्की बनवायला गेला होता

बिबवेवाडीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जा. काउंटरवर पचनाच्या गोळ्या असतातच. लग्नाचं जेवण जरा जास्त झालं, पोट गच्च झालं की आपण घेतो त्या. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, तर त्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर ‘फंगल डायस्टेज’ हे नाव सापडेल.

आता दुसरी वस्तू. ही आपल्या नजरेला सहसा पडत नाही. दवाखान्याच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढी काचेची एक कुपी ठेवलेली असते. तिच्यावर नाव असतं ॲड्रेनॅलिन. एखाद्याला भयंकर ॲलर्जी झाली, घसा सुजला, बीपी खाली गेलं, तर डॉक्टर पहिल्यांदा हात घालतात तो या कुपीला.

एक गोळी पोट हलकं करणारी, एक इंजेक्शन जीव वाचवणारं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. जपानमध्ये जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये शिकलेला आणि अमेरिकेत जाऊन व्हिस्की बनवायच्या धंद्यात पार होरपळून निघालेला.

त्याचं नाव जोकिची ताकामिने.

आज त्याची गोष्ट सांगायचं कारण आपल्या शाळा आहेत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जपानमध्ये ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी शाळेत एक पेन वापरतात. लिहायचं नाही, टोचायचं. मांडीवर दाबलं की आतली सुई बाहेर येते आणि मोजलेला डोस आपोआप जातो. त्या पेनाच्या आत जे औषध भरलेलं असतं, ते हेच ॲड्रेनॅलिन.

आधी ॲलर्जीचं थोडक्यात समजून घेऊ.

आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा कधीकधी निरुपद्रवी गोष्टीलाही शत्रू समजते. दाण्याचं कूट, दूध, अंडं, काजू, मधमाशीचा डंख, एखादं औषध, काहीही असू शकतं. बहुतेक वेळा अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज येते आणि विषय संपतो. पण काही जणांच्या बाबतीत अख्खं शरीर एकदम पेटून उठतं. ओठ आणि घसा सुजतो, श्वास लागतो, आवाज बसतो, उलट्या होतात, रक्तवाहिन्या सैल पडून बीपी कोसळतं. याला म्हणतात ॲनाफिलॅक्सिस. काही मिनिटांत माणूस हातचा जाऊ शकतो.

अशा वेळी ॲलर्जीची नेहमीची गोळी खाज कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास मोकळा करत नाही. ते काम करतं ॲड्रेनॅलिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं. फक्त ते वेळेत मिळायला हवं.

आता वळूया मूळ माणसाकडे.

डॉक्टर बाप आणि दारू गाळणारं आजोळ

जोकिचीचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ चा, जपानमधल्या ताकाओका गावचा. दोनशेहून जास्त वर्षं जगाला दार बंद करून बसलेल्या जपानने याच वर्षी अमेरिकेशी पहिला करार केला होता. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

वडील वैद्य होते. कानाझावाच्या माएदा घराण्याच्या पदरी त्यांची नोकरी होती. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या दरबारी वैद्य असायचे, तसाच प्रकार. आईच्या माहेरी साके बनवायचा धंदा होता. साके म्हणजे तांदळाची जपानी दारू.

हे आजोळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पोरगा हुशार होता. परक्यांशी व्यवहार करायचा तर त्यांची भाषा यायला हवी, हे घरच्यांनी ओळखलं होतं. म्हणून वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच त्याला नागासाकीला इंग्रजी शिकायला पाठवलं. पुढे ओसाकामध्ये त्याने वैद्यकीचे धडे घेतले. बापासारखा डॉक्टर होईल असं सगळ्यांना वाटत असताना त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली आणि तो टोक्योच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. १८७९ मध्ये तिथून बाहेर पडल्यावर सरकारने त्याला पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडला, ग्लासगोला धाडलं.

जपान तेव्हा घाईत होता. पोरं परदेशी पाठवायची, तिकडचं ज्ञान घेऊन यायला सांगायचं आणि इथे कारखाने उभे करायचे, असा सरळ हिशोब होता. १८८३ मध्ये ताकामिने परतले आणि कृषी व व्यापार खात्यात रुजू झाले.

गेले प्रदर्शनाला, ठरलं लग्न

१८८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कापसाचं जागतिक प्रदर्शन भरलं. जपान सरकारने आपला प्रतिनिधी म्हणून तिशीतल्या ताकामिनेंना पाठवलं. तिथे दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे त्यांनी फॉस्फेटचं खनिज पाहिलं. यापासून खत बनतं आणि जपानच्या शेतीला त्याची गरज आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसरी म्हणजे कॅरोलाइन हिच नावाची मुलगी भेटली. दोघांचं जमलं. जपानी माणूस आणि अमेरिकेच्या दक्षिणेतली गोरी मुलगी, तेही १८८० च्या दशकात. गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षंही झाली नव्हती अशा शहरात हे लग्न ठरणं साधी गोष्ट नव्हती.

ताकामिने जपानला परतले, पेटंट कार्यालयात काम केलं, जरा स्थिरस्थावर झाले आणि १८८७ मध्ये येऊन कॅरोलाइनशी लग्न केलं. लग्नानंतर नवरा-बायको अमेरिकेतले खतांचे कारखाने बघत फिरले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मग टोक्योत खताची कंपनी सुरू झाली. दोन मुलगे झाले. संसाराची घडी बसत होती.

पण कॅरोलाइनला जपानमध्ये रुळणं जड जात होतं. आणि ताकामिनेंच्या डोक्यात आजोळची दारूभट्टी घोळायला लागली होती.

व्हिस्कीचा डाव आणि आग

व्हिस्की बनवायची तर आधी धान्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. त्यासाठी पाश्चात्त्य लोक सातूला मोड आणतात, वाळवतात, दळतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्यातलाच प्रकार. मोड आले की धान्यात डायस्टेज तयार होतं आणि ते स्टार्च फोडतं. पण या कामाला वेळ लागतो आणि पैसाही.

जपानी लोक साकेसाठी वेगळी युक्ती वापरत आले होते. ते वाफवलेल्या तांदळावर एक खास बुरशी वाढवायचे. तिचं नाव कोजी. हे काम दोन-तीन दिवसांत व्हायचं आणि स्टार्च फोडायला ही बुरशी एकदम तयारीची. ताकामिनेंनी विचार केला की हीच कोजी मक्याच्या व्हिस्कीला वापरली तर?

१८९० मध्ये ते बायकापोरांसह अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातलं पियोरिया तेव्हा व्हिस्कीचं माहेरघर होतं. तिथल्या बड्या व्हिस्की ट्रस्टने त्यांच्या पद्धतीत रस घेतला. प्रयोग जमत होते. पण सातूला मोड आणून विकणाऱ्यांचं पोट त्याच धंद्यावर होतं. एक परदेशी माणूस येतो आणि त्यांची गरजच संपवायला निघतो, हे त्यांना खपणारं नव्हतं. विरोध सुरू झाला.

१८९१ मध्ये कारखान्याला आग लागली. कोणी लावली की आपोआप लागली, याचा संशय कायम राहिला. मेहनत मात्र राख झाली.

त्यातून उभं राहायची धडपड चालू असताना ताकामिने यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. शिकागोला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पुढे व्हिस्की ट्रस्टही बुडाला. परका देश, आजारी नवरा, दोन लहान मुलं आणि हाताला काम नाही. कॅरोलाइनने ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

बुरशी औषधाच्या बाटलीत

आता माणूस कुठे हरतो आणि कुठे डोकं लावतो, ते बघा. कोजी जर पिंपातल्या मक्याचा स्टार्च फोडते, तर माणसाच्या पोटातल्या भाकरीचा आणि बटाट्याचा का नाही फोडणार?

ताकामिनेंनी बुरशीतून ते डायस्टेज वेगळं काढलं आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नाव दिलं ताका-डायस्टेज. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते अपचनावरचं औषध म्हणून बाजारात आणलं आणि ते धडाक्यात खपलं. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या एन्झाइमवर अमेरिकेत दिलेल्या सुरुवातीच्या पेटंटांमध्ये याची गणना होते.

आपल्या पचनाच्या गोळीवरचं ‘फंगल डायस्टेज’ हे याच घराण्यातलं. व्हिस्कीत फसलेली कल्पना औषधात चालली आणि ताकामिनेंच्या घरी पुन्हा चूल नीट पेटली. त्यांनी बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवलं आणि स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

सगळे ज्याच्या मागे लागले होते

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. १८९४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी दाखवून दिलं की या ग्रंथीचा अर्क टोचला तर बीपी एकदम चढतं. वैद्यकीय जग खडबडून जागं झालं. या अर्कात नेमकं आहे तरी काय?

शर्यत लागली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले नामवंत संशोधक जॉन जेकब एबेल यात आघाडीवर होते. त्यांनी आपल्या पदार्थाला एपिनेफ्रिन असं नाव दिलं. पण त्यांच्या हाती लागलं होतं ते शुद्ध रूप नव्हतं, त्याला दुसरं रसायन चिकटलेलं होतं.

डॉक्टर तोवर कच्चा अर्कच वापरत होते. आज केलेला अर्क उद्या खराब व्हायचा. एका बाटलीचा जोर दुसऱ्या बाटलीला नसायचा. एका रुग्णाला किती द्यायचं, हे ठरवायचं तरी कसं?

पार्क-डेव्हिसने हे काम ताकामिनेंकडे सोपवलं. ताकामिने एबेल यांची प्रयोगशाळाही बघून आले. पण घोडं अडलेलंच होतं. मग १९०० च्या सुरुवातीला त्यांच्याकडे जपानहून एक तरुण मदतनीस आला. केइझो उएनाका. टोक्योत नागाइ नावाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालेला, बारीक कामात तरबेज.

खाटीकखान्यातून जनावरांच्या ग्रंथी यायच्या. त्यांचा अर्क काढायचा, आटवायचा, नको ते गाळून टाकायचं आणि पुन्हा तेच. १९०० च्या जुलैमध्ये अमोनिया घातल्यावर उएनाकाच्या नळीत तळाशी बारीक स्फटिक दिसले. चाचण्या केल्या. हेच ते होतं.

नाव ठरलं ॲड्रेनॅलिन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. शुद्ध स्वरूपात वेगळं केलेलं हे जगातलं पहिलं हार्मोन. गंमत म्हणजे ‘हार्मोन’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो आला १९०५ मध्ये.

इथे एक बाजू सांगायलाच हवी. १९०१ मध्ये ताकामिनेंनी शोध जाहीर केला, तेव्हा शोधनिबंधावर नाव फक्त त्यांचं होतं. उएनाकाचा उल्लेख आभारापुरता झाला. पुढे एबेल यांच्या बाजूनेही श्रेयावरून वाद झाला. उएनाकाने त्या दिवसांतली प्रयोगांची वही मात्र जपून ठेवली होती. खूप वर्षांनी ती अभ्यासकांसमोर आली आणि १९०० च्या उन्हाळ्यात काय काय घडलं, हे तारखेनिशी कळलं. आज जाणकार या शोधासोबत दोघांचंही नाव घेतात.

एकाला एक हजार

पार्क-डेव्हिसने ॲड्रेनॅलिन बाजारात आणलं ते एकास हजार या प्रमाणात. म्हणजे एक मिलिलिटर पाण्यात एक मिलिग्रॅम औषध. आज आपल्या दवाखान्यातल्या कुपीतही हेच प्रमाण असतं. सव्वाशे वर्षं झाली, आकडा तोच.

ताकामिनेंनी जगाला नेमकं काय दिलं, याचं उत्तर या आकड्यात आहे. अर्क बीपी वाढवतो हे त्यांच्या आधीच कळलं होतं. त्यांच्यामुळे ते औषध मोजता आलं. मुंबईत असो की मिशिगनमध्ये, एका कुपीत तितकंच औषध आणि तितकाच जोर.

सुरुवातीला ते वापरलं गेलं डोळ्यांच्या आणि नाकाच्या ऑपरेशनमध्ये, रक्त थांबवायला. १९०३ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये दम्याच्या रुग्णांना त्याचं इंजेक्शन देऊन झालं होतं.

नेमक्या याच काळात अटलांटिकच्या पलीकडे दुसरी गोष्ट घडत होती. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्टिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांचं विष अभ्यासत होते. किनाऱ्यावर परतल्यावर त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आधी थोडं विष द्यायचं, म्हणजे लसीसारखी सवय होईल, असा अंदाज. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या डोसने अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीराने संरक्षण शिकण्याऐवजी अतिरेक शिकला होता. १९०२ मध्ये रिशेंनी याला नाव दिलं ॲनाफिलॅक्सिस. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे आजाराला नाव मिळायच्या आधीच त्यावरचं औषध बाटलीत तयार होतं. दोघांची गाठ डॉक्टरांनी पुढे घालून दिली.

श्रीमंत झाले, नागरिक नाही

ताकामिने आता न्यूयॉर्कच्या बड्या लोकांत मोजले जात होते. त्यांच्या पेटंटवर दुसऱ्या एका कंपनीने आक्षेप घेतला. शरीरात आधीच असलेल्या पदार्थाचं पेटंट कसं काय, असा मुद्दा होता. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी पेटंट वैध ठरवलं. निसर्गातून शुद्ध करून काढलेला पदार्थ वापराला नवा ठरतो, अशी त्यामागची भूमिका होती. या निकालाचा दाखला पुढे शंभर वर्षं दिला गेला, अगदी माणसाच्या जनुकांच्या पेटंटपर्यंत वाद चालला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात आहे तसं जनुक पेटंट करता येणार नाही, असं सांगितलं.

वॉशिंग्टनमध्ये दर वसंतात चेरीची झाडं फुलतात, त्याचे फोटो इन्स्टावर तुम्हीही पाहिले असतील. त्यातही ताकामिनेंचा वाटा आहे. १९०९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांच्यापर्यंत झाडांच्या भेटीची कल्पना पोचवायला मदत केली. १९१० मध्ये आलेल्या पहिल्या दोन हजार झाडांना कीड निघाली, ती जाळावी लागली. १९१२ मध्ये पुन्हा तीन हजारांवर झाडं आली आणि ती रुजली. भेट टोक्यो शहराच्या नावाने होती.

एवढं करूनही ताकामिने अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नव्हते. आशियातून आलेल्यांना तो हक्कच नव्हता. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचं औषध होतं, पण मतदारयादीत नाव येणार नव्हतं.

जपानशीही त्यांचं नातं तुटलं नाही. १९१३ मध्ये सान्क्यो या औषध कंपनीचे ते पहिले अध्यक्ष झाले. देशाला स्वतःची मोठी संशोधन संस्था हवी, हा आग्रहही त्यांनी त्याच वर्षी जपानमध्ये मांडला आणि १९१७ मध्ये रिकेन ही संस्था उभी राहिली. सान्क्यो म्हणजे आजची दाइची सान्क्यो. २००८ मध्ये आपली रॅनबॅक्सी विकत घेतली होती, तीच कंपनी.

२२ जुलै १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये ताकामिने गेले. वय ६७. तिथल्याच वूडलॉन दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

कुपी ते पेन

ताकामिनेंच्या पश्चात औषध तेच राहिलं. ते ताबडतोब टोचायचं कसं, हा प्रश्न मात्र तसाच होता.

कुपी फोडा, सिरिंजमध्ये भरा, हवा काढा, वजनावर डोस मोजा. २० किलोच्या मुलाला साधारण ०.२ मिलिलिटर. डॉक्टरला हे रोजचं आहे. पण समोर पोरगं निळं पडत असताना शाळेतल्या बाईंना किंवा शिपाईकाकांना हे जमेल का?

उत्तर आलं सैन्याकडून. विषारी वायूचा हल्ला झाला तर सैनिकाला स्वतःच औषध टोचून घेता यावं, म्हणून अमेरिकेत स्प्रिंग बसवलेली सिरिंज तयार झाली. शेल्डन कॅप्लन या इंजिनिअरने १९७० च्या दशकात ते तंत्र ॲड्रेनॅलिनसाठी वळवलं. १९८७ मध्ये अमेरिकेत एपिपेनला मंजुरी मिळाली. मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅम, लहानांसाठी ०.१५. कपड्यावरूनसुद्धा मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं.

मग किमतीचा खेळ झाला. २००७ मध्ये दोन पेनांचा जोड शंभर डॉलरच्या आसपास होता, २०१६ मध्ये तो सहाशेच्या वर गेला. आतलं औषध काही सेंटचं. अमेरिकेत मोठा गदारोळ झाला.

शाळांसाठी कायदेही आले. २०१३ मध्ये अमेरिकेने राज्यांना प्रोत्साहन देणारा कायदा केला, की शाळांनी कुणा एका मुलाच्या नावाची नसलेली जादा पेनं ठेवावीत. २०१७ पासून इंग्लंडमधल्या शाळांना ती प्रिस्क्रिप्शनशिवाय घेता येतात. २०२४ मध्ये अमेरिकेत ॲड्रेनॅलिनच्या नाकात मारायच्या स्प्रेलाही मंजुरी मिळाली.

पण नुसतं पेन असून भागत नाही. हे शिकवलं ते ताकामिनेंच्याच देशाने. डिसेंबर २०१२ मध्ये टोक्योजवळच्या चोफू शहरात एका प्राथमिक शाळेत दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलीला शाळेच्या जेवणात चीज असलेला पदार्थ गेला. तिच्या दप्तरात पेन होतं. जपानमध्ये शिक्षकांना ते टोचायची मुभाही होती. ते वेळेत टोचलं गेलं नाही आणि ती गेली. त्यानंतर जपानच्या शाळांमध्ये शिक्षकांच्या सरावावर जोर दिला गेला.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे कुपी आहे आणि ती काही रुपयांत मिळते. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. पेन मात्र आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. ज्यांना लागतं, ते बहुतेक बाहेरून मागवतात. शाळांनी ॲड्रेनॅलिन ठेवलंच पाहिजे, असा देशभर लागू कायदाही नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेत इंजेक्शन म्हणजे अतीच झालं. पण ही कुपी आपल्या शाळांमध्ये येऊन गेलेली आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना लस, तीही मोठ्या प्रमाणावर शाळेतच. लसीची तीव्र ॲलर्जी आली तर म्हणून अशा पथकांसोबत ॲनाफिलॅक्सिस किट असतं आणि त्या किटमध्ये ॲड्रेनॅलिन असतं. कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवायचे, आठवतंय? तेही याचसाठी. गावोगाव लस देणाऱ्या एएनएम ताईंना अशा वेळी ॲड्रेनॅलिनचा एक डोस द्यायची परवानगी सरकारने दिलेली आहे. त्या डॉक्टर नाहीत, पण प्रशिक्षण घेतलेल्या आहेत आणि वयानुसार डोस किती, हे किटमध्येच लिहिलेलं असतं.

म्हणजे औषध, मोजमाप आणि डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवून तयार करायची पद्धत, तिन्ही आपल्याकडे आहेत. फक्त लसीकरण संपलं की पथक किट उचलून निघून जातं. दुसऱ्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चिक्की येते, तेव्हा शाळेत काही नसतं.

आणि आपलं स्वयंपाकघर बघा ना. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भाजीत कूट. डबे एकमेकांत वाटून खाणं ही आपली रीत. सहलीला किल्ल्यावर गेलं तर कड्याला आग्या मोहोळ. बिबवेवाडीत ईएसआयचं हॉस्पिटल आहे, आसपास दवाखानेही बरेच. पण शाळा सुटायच्या वेळी गंगाधाम चौकातून गाडी काढून बघा. ज्या मुलाकडे काही मिनिटंच आहेत, त्याच्यासाठी दोन किलोमीटरही लांब असतात.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी करता येतात.

तुमच्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, हे शाळेला लेखी द्या. डॉक्टरांकडून एक पानी सूचना लिहून घ्या. काय दिसलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. हे पान वर्गशिक्षकांकडे, व्हॅनकाकांकडे आणि सहलीच्या प्रमुखांकडे असू दे. डॉक्टरांनी पेन किंवा कुपी दिली असेल, तर ती कोणी आणि कशी वापरायची, हे त्यांच्याकडूनच शिकून घ्या. औषध उन्हात ठेवू नका, रंग बदलला किंवा तारीख उलटली की बदला.

शाळेसाठीही सोपं आहे. खाल्ल्यावर किंवा काही चावल्यावर मुलाला श्वास लागला, आवाज बदलला, चक्कर आली, तर आधी १०८ ला फोन. मुलाला आडवं करून पाय थोडे वर. श्वास जड होत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनॅलिन असेल तर ते आधी, ॲलर्जीची गोळी नंतर. आणि मुलगा बरा वाटला तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, कारण त्रास काही तासांनी परत उलटू शकतो.

ताकामिनेंनी खाटीकखान्यातल्या ग्रंथीपासून मोजून देता येईल असं औषध केलं, ते १९०० मध्ये. ते औषध दवाखान्याच्या ट्रेपर्यंत पोचून शंभर वर्षं उलटली. तिथून बिबवेवाडीतल्या एखाद्या शाळेच्या स्टाफरूममधल्या कपाटापर्यंत यायला अजून किती लागतील, ते आता केमिस्टच्या हातात नाही. पुढची पालक सभा कधी आहे, एवढं विचारून सुरुवात करता येईल.